मोखंडी मदत

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांचा अपमान झाला तो पडद्याच्या दांडीवरून. अपमान दांडीने केला नाही, व्याह्यांनी केला. आणि तोही स्टुलावर उभं राहून, ओठांच्या कोपऱ्यात एक स्क्रू धरून, अगदी प्रेमाने.

निरीक्षकांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलाचं घर दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात, आणि निरीक्षक बायको-मुलीला घेऊन तिथे पहिल्यांदाच गेले होते. पाहुणे येणार म्हणून पडदे धुतले होते, आणि पाहुणे येऊन बसले तरी ते परत लागले नव्हते. व्याही एकटेच दांडीशी झटत होते. समोर एक माणूस झटतोय आणि आपण सोफ्यावर बसून बिस्किट खातोय, हे काही निरीक्षकांना बघवेना. ते उठले आणि म्हणाले, "थांबा, दुसरं टोक मी धरतो."

"नको, नको!" व्याही वरूनच म्हणाले. "मोखंडी मदत नको!"

सगळे हसले. विहीणबाई हसल्या. होणारा जावईही हसला, पण सासऱ्यांचा चेहरा बघून त्याने त्या हसण्याचा खोकला केला. निरीक्षकांची मुलगी मात्र हसली ती हसतच राहिली.

हा शब्द निरीक्षकांनी जन्मात ऐकला नव्हता. पण वजनाच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का दिसावा तसं त्यात आपल्या शहराचं नाव त्यांना स्वच्छ दिसलं. आधी त्यांना वाटलं, असेल काहीतरी गौरवाचं. "म्हणजे कशी मदत?" त्यांनी विचारलं.

व्याही भाबडे. ते स्टुलावरून उतरले, आतून एक जाडजूड शब्दकोश घेऊन आले आणि पान काढून त्यांनी तो निरीक्षकांच्या मांडीवर ठेवला.

"मोखंडी (वि.) : १. त्या शहराचा, त्या शहरासंबंधीचा. २. (ल.) मोखंडी मदत – जिच्यामुळे मूळ काम वाढते अशी मदत."

निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं. दहा ग्रॅमच्या फरकासाठी अठ्ठावीस वर्षांत त्यांनी भल्याभल्या दुकानदारांचे तराजू जप्त केले होते. आणि इथे चार लाख वस्तीच्या अख्ख्या शहराचं खोटं माप छापून, पुठ्ठ्यात बांधून, लोकांच्या कपाटात ठेवलेलं! ते ताडकन उठले. मांडीवरचा कोश पायावर पडला. पण कळवळायची ती वेळ नव्हती.

"या कोशाची नवी आवृत्ती निघेल," ते म्हणाले, "तेव्हा हा अर्थ त्यात नसेल. असला, तर पुन्हा मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

व्याह्यांनी ओठांतला स्क्रू काढला, थोडा विचार केला आणि "बरं," म्हणाले. हे 'बरं' निरीक्षकांना पायावर पडलेल्या कोशापेक्षा जास्त लागलं.

परतीच्या बसमध्ये निरीक्षकांनी तिकिटं काढली. मग बायको म्हणाली, "कोणी सांगितलं होतं दांडी धरायला?"

"मी धरलीच नव्हती."

"तेच म्हणतेय. न धरता एवढं झालं."

"प्रश्न दांडीचा नाही, शहराचा आहे."

"शहर तिथे नांदायला जाणार नाहीये. मुलगी जाणार आहे," बायको म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी कोश कार्यालयाला फोन लावला. कळलं ते असं, की नवी आवृत्ती दहा आठवड्यांनी छपाईला जाणार. लग्न होतं आठ आठवड्यांनी. निरीक्षकांनी एक दिवसाची रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि ते पुन्हा त्याच शहरात गेले. कारण कोश कार्यालयही, नशिबाचा भाग, व्याह्यांच्याच शहरात होतं.

खिडकीवरच्या कारकुनाचे केस पिकले होते. "नवा शब्द दाखल करायचा असेल तर हिरवा अर्ज," तो वर न बघता म्हणाला. "लेखनातली चूक असेल तर पांढरा."

"अर्थ काढून टाकायचा असेल तर?"

कारकुनाने चष्मा काढला. "काढून?" त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "अहो, हे गृहस्थ काढायला आलेत." दोघांनी निरीक्षकांना नीट बघून घेतलं. छत्तीस वर्षांत अशी मागणी आली नव्हती. शब्द आत येण्याची सोय होती, बाहेर जाण्याची कोणी केलीच नव्हती. शेवटी हिरव्या अर्जावरचं 'दाखल करणे' खोडून वर 'काढणे' लिहायचं, खाडाखोडीवर तीन ठिकाणी सही करायची आणि दुसऱ्या मजल्यावर संपादकबाईंना भेटायचं, असं ठरलं.

संपादकबाई बसत होत्या ती खोली खोली नव्हतीच, नुसते खण होते. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणात हाताएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणी, कुठे, कधी वापरला ते, आणि ते वाक्य. बाईंनी अर्ज वाचला.

"शहराच्या नावावरून शब्द होतच असतात," त्या म्हणाल्या. "जिनोआवरून जीन्स झाली. नीम शहरावरून डेनिम. मोसंबीत मोझांबिक बसलंय. त्यांच्यापैकी कोणी तक्रार घेऊन आलेलं नाही."

"त्यांच्या नावाचं कापड झालं, फळ झालं," निरीक्षक म्हणाले. "आमच्या नावाची खोड झाली."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे छान बोललात," त्या म्हणाल्या. निरीक्षकांना आशा वाटली. बाईंनी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि ते वाक्य टिपून घेतलं. "'खोड'ला चांगलं उदाहरण मिळत नव्हतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोश काही ठरवत नाही. लोक बोलतात, कोश ऐकतो. लोक उद्या वेगळं बोलायला लागले तर तेही लिहून घेऊ. 'मोखंडी मदत' हे शब्द चांगल्या अर्थाने वापरलेली सात वाक्यं आणा. सात वेगवेगळ्या माणसांनी, कोणीही न सांगता, आपणहून लिहिलेली. किंवा हा शब्द तुमच्या शहराच्या नावावरून आलाच नाही, हे सिद्ध करा.

"एवढंच?" निरीक्षक म्हणाले.

"एवढंच," बाई म्हणाल्या.

निरीक्षकांचा बेत असा होता, की हे काम गुपचूप एकट्याने करायचं. तसं त्यांनी बायकोला बजावलंही. बायकोने ते खालच्या मजल्यावरच्या बाईंना, कोणाला न सांगण्याच्या अटीवर सांगितलं. रविवारी सकाळी नऊ वाजता दारात तिघं उभे होते : सोसायटीचे चेअरमन, जे एस.टी. डेपोतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून बसऐवजी दुसरं काहीतरी सोडायच्या शोधात होते; वरच्या मजल्यावरचे इतिहासाचे मास्तर; आणि कोपऱ्यावरचे औषधवाले.

"साहेब," चेअरमन चपला काढता काढता म्हणाले, "हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही."

तराजूच्या पारड्याखाली चोरून बांधलेला दोरा बोटाला लागला की निरीक्षक जसे सावध होत, तसे आत्ता झाले.

"तुम्ही कशाला त्रास घेता? मी बघतो," ते म्हणाले.

"त्रास कसला! मदतच करतोय," औषधवाले म्हणाले.

तासाभरात समिती झाली. नाव ठरलं 'मोखंडी मदत अर्थशुद्धी समिती'. चेअरमननी लेटरहेड छापायला टाकलं. छापखान्यात नाव एका ओळीत मावेना, म्हणून छापखानावाल्याने स्वतःच्या बुद्धीने 'अर्थशुद्धी' गाळलं. पाचशे कागद आले ते 'मोखंडी मदत समिती' या नावाचे, खाली पत्ता निरीक्षकांच्या घराचा. हौसेने एक पाटीही करून आणली होती. ती दारावर लागली, आणि तिसऱ्या दिवसापासून माणसं मदत मागायला यायला लागली. एका गृहस्थांच्या इमारतीवरच्या टाकीचं झाकण हरवलं होतं. निरीक्षक कामावर होते. चेअरमननी स्वतः लक्ष घालून संध्याकाळपर्यंत झाकण मिळवून दिलं. ते दुसऱ्या इमारतीच्या टाकीचं निघालं. दुसऱ्या इमारतीची अकरा माणसं रात्रीच्या जेवणाच्या वेळेला निरीक्षकांच्या दिवाणखान्यात बसली होती, आणि त्यांना खुर्च्या कमी पडत होत्या. खुर्च्या आणायला चेअरमनच धावले.

मास्तरांनी दुसरी बाजू उचलली होती. शब्द शहरावरून आलाच नाही, हे ते सिद्ध करणार होते. त्यांनी तीन आठवडे खपून चौदा पानांचा निबंध लिहिला. त्यात एक नाही, पाच व्युत्पत्ती होत्या. पहिल्या व्युत्पत्तीप्रमाणे 'मोखंडी' ही नावाड्यांची गाठ होती. दुसरीप्रमाणे 'मोकळा' आणि 'खंड' मिळून तो शब्द झाला होता. तिसरी चौथीला खोडून काढत होती, आणि पाचवीत मास्तर स्वतःच म्हणत होते की पहिल्या चार ग्राह्य धरू नयेत.

"मास्तर, एकच देऊया का?" निरीक्षकांनी नरमाईने विचारलं. "त्यातल्या त्यात बरी."

"साहेब, एक दिली तर एकच मान्य होईल," मास्तर म्हणाले. "पाच दिल्यात. कुठली तरी लागेल."

निबंध त्यांनी आदल्या दिवशीच रजिस्टर पोस्टाने पाठवला होता. खाली सही निरीक्षकांची होती. मास्तरांनी ती 'वेळ वाचावा म्हणून' स्वतःच केली होती. आठवड्याने कोश कार्यालयाचं पत्र आलं. पाच व्युत्पत्ती आल्यामुळे प्रकरण अर्थ शाखेकडून व्युत्पत्ती शाखेकडे वर्ग करण्यात येत आहे. व्युत्पत्ती शाखा तिसऱ्या मजल्यावर असून ती मंगळवारी आणि गुरुवारीच उघडी असते.

औषधवाल्यांचं काम जास्त पद्धतशीर होतं. सात वाक्यं हवीत ना? त्यांनी दोनशे बारा आणली. 'मला मोखंडी मदत मिळाली आणि माझे काम लवकर झाले' असं वाक्य त्यांनी चिठ्ठ्यांवर छापून घेतलं होतं, आणि सही केल्याशिवाय ते कोणाला औषध देत नव्हते. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांनीही सह्या केल्या, गुडघ्याचा पट्टा न्यायला आलेल्यांनीही केल्या.

निरीक्षक तो गठ्ठा घेऊन संपादकबाईंकडे गेले. मनातून त्यांना लाज वाटत होती. पण दोनशे बारा माणसांनी सह्या केल्यात म्हटल्यावर टाकवतही नव्हता. बाईंनी एकेक चिठ्ठी उलटून बघितली. एकशे एक्याऐंशीव्या चिठ्ठीवर त्या थांबल्या. छापील वाक्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'ही सही करता करता माझी बस गेली. याला म्हणतात मोखंडी मदत.'

"ही अस्सल आहे," बाई म्हणाल्या, आणि ती तेवढी काढून घेऊन त्यांनी बाकीचा गठ्ठा परत दिला. "पण ही तुमच्या बाजूची नाही."

आता यात गंमत अशी, की हा शब्द निरीक्षकांच्या शहरात कोणाला माहीतच नव्हता. तो बोलला जायचा व्याह्यांच्या शहरात आणि आसपास. औषधवाल्यांच्या गिऱ्हाइकांना तो प्रथमच कळला. उरलेल्यांना कळावा म्हणून चेअरमननी वर्तमानपत्राला पत्र धाडलं. वर्तमानपत्राने कोशातला अर्थ जाड ठशात छापला, खाली निरीक्षकांचा खात्याच्या ओळखपत्रावरचा फोटो छापला, आणि पत्र जागेअभावी गाळलं.

चार दिवसांत शब्द शहरभर झाला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, दाराशी मोखंडी मदत करू नका, आत सरका. बाजारात निरीक्षकांनी एका दुकानदाराचा काटा तपासायला घेतला, तर दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, काटा बरोबर आहे. मोखंडी मदत नको." निरीक्षकांच्या स्वतःच्या साहेबांनी एका फायलीवर शेरा मारला, 'या प्रकरणी इतर शाखांनी मोखंडी मदत करू नये.' लेखी, सही-शिक्क्यासकट. त्या आठवड्यात कोश कार्यालयाकडे एकतीस नवी वाक्यं पोचली. सगळी आपणहून लिहिलेली.

त्या संध्याकाळी निरीक्षकांनी समितीला घरी बोलावलं. त्यांना सांगायचं होतं, की बाबांनो, पुरे. त्यांनी तसं सांगितलंही.

"आता कृपा करून मदत थांबवा," ते म्हणाले. "मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण थांबवा."

चेअरमनच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "किती संकोची माणूस आहे. आता तर सोडायचंच नाही."

आठव्या आठवड्यात लग्न झालं. नोंदणी कार्यालयात, सुटसुटीत. व्याही अदबीने वागले, निरीक्षक त्याहून अदबीने वागले. एकमेकांना दार उघडून देण्याच्या नादात दोघं बराच वेळ दाराबाहेरच राहिले. निघताना मुलगी जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"बाबा, घरी याल ना?"

"ते आवृत्तीवर अवलंबून आहे," निरीक्षक म्हणाले.

मुलीने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि गाडीत बसली. निरीक्षकांना वाटलं, दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते त्यांना घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.

दहाव्या आठवड्यात, आवृत्ती छपाईला जायच्या आदल्या शुक्रवारी, चेअरमननी मिनीबस ठरवली. शेवटचा प्रयत्न म्हणून सोसायटीचं शिष्टमंडळ संपादकबाईंना भेटणार होतं. सोळा माणसं निघाली. निरीक्षकांनी 'मी एकटाच जातो' म्हणून बघितलं, पण बस त्यांच्याच दाराशी लागली होती आणि त्यांच्यासाठी पुढची सीट राखलेली होती.

ते पोचले तेव्हा कार्यालयात धावपळ चालली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या भिंतीला ओल आली होती आणि चिठ्ठ्यांचे खण तिसऱ्या मजल्यावर न्यायचे होते. दोन शिपाई एकेक खण उचलून, सावकाश, नंबर लावून नेत होते. बाई जिन्याच्या वरच्या तोंडाशी यादी घेऊन उभ्या होत्या. चेअरमननी हे दृश्य बघितलं. निरीक्षकांनी चेअरमनना बघितलं.

"नका," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, हीच संधी आहे," चेअरमन म्हणाले. "वाक्यं कशाला हवीत? आता प्रत्यक्षच दाखवतो." आणि वळून त्यांनी हाक दिली, "चला रे, हात लावा!"

पंधरा माणसांनी हात लावला. डेपो चालवलेला माणूस; त्यांनी क्षणात साखळी उभी केली. खण हातोहात जिना चढायला लागले. शिपायांच्या चौपट वेगाने, हे कबूल करायला हवं. बाई "थांबा, थांबा, नंबर!" म्हणत होत्या, आणि मास्तर त्यांना धीर देत होते. मग मधल्या वळणावर औषधवाल्यांना शिंक आली. त्यांच्या हातात तेव्हा 'प' होता. 'प' सुटला तो खालच्या 'न'वर, 'न' त्याखालच्या 'म'वर, आणि शेवटच्या पायरीवर निरीक्षक स्वतः उभे होते. ते अडवायला म्हणून दोन्ही हात पसरून पुढे झाले, आणि त्यांच्या धक्क्याने भिंतीशी लावून ठेवलेली 'क' ते 'ढ'ची चवड कोसळली.

बराच वेळ नुसत्या चिठ्ठ्या पडत होत्या. तीन मजल्यांच्या जिन्यात, पंख्याच्या वाऱ्यावर, भाषेतले सगळे शब्द.

बाई खाली उतरल्या, चिठ्ठ्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने. त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचा अर्ज फेटाळण्यात आला आहे," त्या म्हणाल्या. "पुरावा पुरेसा आहे."

आवृत्ती चार महिने पुढे ढकलली गेली. शिष्टमंडळ बसमध्ये बसून परत गेलं. वाटेत चेअरमन म्हणाले की आपल्या बाजूने प्रयत्नात कसूर झाली नाही. पुढच्या शनिवारी सुट्टीच्या दिवशी निरीक्षक एकटेच पहिल्या बसने कोश कार्यालयात गेले आणि बाईंना म्हणाले, "पाडल्यात मी. लावूनही मी देतो."

बाईंनी त्यांना एक कोपरा, एक दिवा आणि 'ग' दिला.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ते जायला लागले. मोजूनमापून काम करणं त्यांना नवं नव्हतं. महिन्याभरात बाई त्यांचा खण पुन्हा तपासेनाशा झाल्या. बायकोही त्याच बसने यायची, पण ती दोन थांबे आधी मुलीकडे उतरायची. तिने कसलीच शपथ घेतलेली नव्हती. दुपारी निरीक्षक कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून डबा खायचे. मुलीचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. मुलीने निरोप पाठवले, जावई दोनदा बोलवायला येऊन गेला. आवृत्ती अजून आली नव्हती, त्यामुळे जायला हरकत नव्हती, हे निरीक्षकांना कळत होतं. पण अशी सवलत घेणं त्यांना तपासणीच्या आदल्या दिवशी वजनं घासून ठेवण्यासारखं वाटे. परतीच्या बसमध्ये बायको सांगायची, आज मुलीने जेवायला काय काय केलं होतं. निरीक्षक खिडकीकडे तोंड करून ऐकायचे.

तिसऱ्या महिन्यात 'म' लावताना त्यांच्या हाती एक पिवळी पडलेली चिठ्ठी आली. सत्तर वर्षांपूर्वीची. या शहरातल्या कोणा पोस्टमास्तरने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य तिच्यावर उतरवून घेतलं होतं : 'पुराच्या वेळी मोखंडी मदत आली. दोनशे माणसं. त्यांना चहापाणी करता करता आमचं काम दुप्पट झालं. पण पाणी उतरेपर्यंत त्यातलं एकही माणूस घरी गेलं नाही.' 'दुप्पट झालं'च्या पुढे कोणीतरी लाल पेन्सिलीने रेघ मारून पुढचं वगळलं होतं.

निरीक्षकांनी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मग ते बाईंकडे गेले.

बाईंनी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "जागा कमी पडली असेल त्या वेळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अर्थ काही काढता येणार नाही हो. तो आता पार रुळलाय. पण हे वाक्य पुरं देता येईल."

"द्या," निरीक्षक म्हणाले. "माप पुरं असलं की माझी तक्रार नाही."

म्हणजे अर्थ राहणार होता, आणि उंबऱ्याची शपथही राहणार होती. निरीक्षक कोपऱ्यात जाऊन पुढच्या चिठ्ठ्या लावायला लागले.

कामाच्या शेवटच्या शनिवारी, आवृत्ती पुन्हा छपाईला जायला पंधरा दिवस उरले असताना, खोलीच्या दारात व्याही उभे राहिले. हातात डबा, खांद्यावर शबनम. "सूनबाई म्हणाली, तुम्ही पायऱ्यांवर जेवता," ते म्हणाले. "म्हटलं, आज सोबत करावी. आणि कामालाही हात लागेल."

व्याही पस्तीस वर्षं महाविद्यालयात ग्रंथपाल होते. कार्डं लावणं त्यांच्या हातचा मळ. हे ऐकून बाईंनी आनंदाने त्यांना पूर्ण लावून झालेलं 'क'चं कपाट दिलं : शेवटची नजर टाका म्हणून. व्याही दिवसभर कपाटाकडे तोंड करून बसले. मधूनमधून गुणगुणत होते. दुपारी दोघं पायऱ्यांवर जेवले, हवापाण्याचं बोलले.

पाच वाजता बाईंनी सहज एक खण ओढला. मग दुसरा. मग त्या खुर्चीवर बसल्या. 'कमळ' 'कोहळ्या'च्या मागे गेलं होतं. 'कुलूप' एका खणात होतं आणि 'किल्ली' जिथे असायला हवी तिथे 'कैची'. चौदा हजार चिठ्ठ्या, एकही आपल्या जागी नाही.

"हे... कोणी लावलं?"

"मी," व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा तान्ह्या बाळासारखा होता. "मदत केली."

बाईंनी एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली. असं काही समोर घडलं की टिपून ठेवायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. पेन्सिल टेकवून त्यांनी निरीक्षकांना विचारलं, "हे गृहस्थ कुठले?"

निरीक्षकांना फक्त खरं सांगायचं होतं. खरं सांगितलं असतं तर या शहराच्या नावाचाही एक शब्द झाला असता, आणि तोही अगदी योग्य मापाने. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं कार्डं लावलेले ते हात मांडीवर शांत पडले होते. निरीक्षकांना सगळं समजलं.

"आमच्याच गावचे," ते म्हणाले. "जवळचे नातलग आहेत."

बाईंनी 'मोखंडी'खाली नोंद केली, तारीख घातली आणि चिठ्ठी खणात सोडली.

दोघं पायऱ्या उतरायला लागले. शेवटच्या पायरीवर व्याही थांबले.

"आवृत्ती आता किती लांबली?"

"बाई म्हणाल्या, वर्षभर तरी."

"मग वर्षभर इथे बसून गार पोळ्या खाणार आहात की घरी येणार आहात? पोरगी रोज दाराकडे बघत असते."

निरीक्षकांना काहीतरी तत्त्वाचं बोलायचं होतं. "आणि वर्षाने?" एवढंच ते म्हणाले.

व्याह्यांनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना घराच्या दिशेने वळवलं.

"वर्षाचं कशाला बघता," ते म्हणाले. "'ख'चं कपाट अजून शाबूत आहे."